दंव

"गाडी कसली?" कायतानने विचारलं.
पिकअप. मागचा हौदा आठ फूट, रुंदी साडेपाच.
"भरता काय?"
खाजं.
"मग भय पावसाचं नव्हे," तो म्हणाला, "दंवाचं."
म्हापशात एवढं ओळखणारा दुकानदार भेटला
म्हणजे निम्मी खरेदी झाली.

पावसात जत्रा नसतात.
खाज्याचा वैरी येतो पहाटे तीनला,
पालखी परतायच्या आधी, पाय न वाजवता.
आल्यागुळाचं कवच, जे दाताखाली कटकन मोडायला हवं,
ते बोटाला चिकटू लागतं.
गिऱ्हाईक बोलत नाही, पैसेही देतं,
फक्त पुढल्या वर्षी शेजारच्या दुकानावर उभं दिसतं.

प्रज्योतीने फोनवर फायबरचं झाकण दाखवलं होतं,
काळं, चकचकीत, कुलपासकट.
किंमत ऐकून मला गाडीचे राहिलेले हप्ते आठवले.
"पण बाबा, चोरी?"
खाजं चोरतात ती पोरं, मूठभर.
त्यांच्यासाठी एक पाटी आम्ही कडेला उघडीच ठेवतो.
माझा बाप तिला जाहिरात म्हणायचा.

कायतानने निळी काढली, प्लास्टिकची.
"दोन हंगाम. तिसऱ्याला पापडासारखी मोडेल."
मग हिरवी, खाणीच्या ट्रकांच्या मापाची;
खाणी थांबल्या तेव्हापासून घडीत पडलेली,
घडीच्या रेघांवर अजून तांबडी धूळ.
"अर्ध्या भावात घेऊन जा, मला जागा तरी होईल."
शेवटी खाकी कॅनव्हास, मेण दिलेलं.
त्याचा पाय होड्यांची शिडं शिवायचा,
त्याच सुईने तो आता हे शिवतो.
सुई दाखवली त्याने. बोटाएवढी, किंचित वाकलेली.

मी वजन बघत होतो, प्रज्योती जाडीचे आकडे.
शशिकला तोवर गप्प होती.
तिने दुकानातलं स्टूल ओढत बाहेर नेलं,
भर उन्हात, रिक्षांच्या मधोमध,
त्यावर बसली
आणि पिशवीतून एक खाजं काढून तळहातावर ठेवलं.
"धरा माझ्या डोक्यावर. एकेक."

आम्ही धरली. मी एक टोक, कायतान एक,
दोन टोकं प्रज्योतीने कशीबशी.
रिक्षावाला म्हणाला, मावशीचं लगीन काय?
निळ्याखाली खाजं बुरशी आल्यासारखं दिसलं.
हिरव्याखाली तिचे हात तापकऱ्याचे झाले.
खाकीखाली ती दिसेचना.
"बरं आहे," आतून आवाज आला, "पण दुपारीच तिन्हीसांजा."

मला तेव्हा कळलं.
मी ताडपत्री घेत होतो मालासाठी.
ती घेत होती एक खोली.
सव्वीस वर्षं फातर्पे, शिरगाव, मिलाग्रीचं फेस्त,
मी मध्यरात्रीपर्यंत तराजूशी,
आणि ती हौद्यात, पाट्यांच्या मधल्या दीड हातात.
तिथेच हिला पाजलं, तिथेच हिशेब केला,
तिथेच भावाच्या मरणाचा निरोप ऐकून
पुन्हा पुड्या बांधायला बसली.
मी मात्र त्या कापडाला आतून कधी पाहिलं नव्हतं.

कायतानने डोकं खाजवलं.
"मध्ये पांढरा तुकडा घालीन. मांडवाचा उरलेला आहे.
पण शिवणीत गळेल, आधीच सांगतो."
"दंव काय गळतं?"
"गळतं बाये. पण सावकाश."

घासाघीस झाली, चहा झाला,
चौदा कड्या ठरल्या, त्याने तेराच बसवल्या.
चौदावा कोपरा आम्ही जॅकच्या दांड्याला बांधतो.

परवा बोडगेश्वराच्या जत्रेत
पहाटे मी पहिल्यांदा आत चढलो,
सुट्टे शोधायला म्हणून.
पांढरा तुकडा ओला होता, वर उजाडू लागलेलं.
खाली झाकलेल्या पाट्या, त्यांच्या कडेला तिची घोरणारी पाठ.
शिवणीतून एक थेंब सुटायच्या बेतात होता.
मी त्याखाली हात धरला
आणि बराच वेळ
तो काही पडला नाही.